मूठभर मीठ आणि गुलाबी साबण

अकोला स्टेशनावर मला सोडायला आलेल्या मायच्या हातात डबा नव्हता की लाडवांचा पुडा नव्हता. एक पिशवी होती, आणि गाडी हलेपर्यंत ती पिशवी सोडायला ती तयार नव्हती. उशीच्या जुन्या अभ्र्याची शिवलेली. आत फोडलेले रिठे, शिकेकाईच्या शेंगा आणि परसातल्या घोसाळ्याची वाळलेली जाळी, पाठ घासायला. नोकरीसाठी मुलगी पहिल्यांदा पुण्याला निघते तेव्हा इतर आया चिवडा देतात. माझ्या मायनं मला अंघोळ बांधून दिली.

गाडी अमरावतीहून यायची आणि बडनेऱ्यालाच भरून यायची. बाबा आधी चढले, कोपर मारत जागा धरली, मला बसवलं आणि खाली उतरून खिडकीशी आले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज त्यांना प्लॅटफॉर्मवरही लहान करता येत नसे. "सुजाता, अंगानं स्वच्छ राह्य, कपड्यानं स्वच्छ राह्य. मंग कोनाच्या बापाले भ्यायचं काम नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. आता डब्यातल्या सगळ्यांनीही ऐकलं. मायनं पिशवी खिडकीतून आत ढकलली आणि एवढंच म्हणाली, "केसं साबनानं धुवू नको वं."

मी रडले नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसले. भुसावळपर्यंत शेजारची बाई पिशवीचा वास घेत, नाक मुरडत माझ्याकडे बघत होती.

आमचं गाव पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातलं. तुमच्यातले जे तिकडचे आहेत त्यांना हा शब्द समजवायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तिथली जमीन काळी, कापसाची, आणि जमिनीखालचं पाणी खारट. विहिरीतून काढा, बोअरमधून काढा, चव तीच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरी पुटं चढतात, आणि साबणाला फेस येत नाही. तुम्ही वडी घासत राहता आणि अंगावर फाटलेल्या दुधासारखा चोथा जमतो. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती. आजोबांच्या काळी आमच्या वस्तीला तिच्यावर जाता येत नसे. त्या दिवसांबद्दल बाबा फारसं बोलत नसत. स्वच्छ राहण्याबद्दल मात्र सतत बोलत. खाऱ्या पाण्यानं पिवळट पडणारा सदरा निळीच्या पाण्यातून काढून, कडक वाळवून ते शाळेत जात, आणि त्या सदऱ्याकडे कुणी बोट दाखवलेलं मी पाहिलं नाही.

साबण चालत नाही म्हणून रिठे. रिठ्याला खारं पाणी, गोडं पाणी सगळं सारखंच, तो फेस देतोच. शनिवारी दुपारी माय दगडावर रिठे फोडायची. काळ्या चकचकीत बिया आम्ही मुली खेळायला पळवायचो. साली आणि शिकेकाई लोखंडी पातेल्यात भिजत पडायची. रविवारी सकाळी चुलीवर उकळी यायची आणि अख्ख्या घरात तो आंबट, ओलसर, जरासा कडू वास सुटायचा. न्हाणीतल्या दगडावर मला बसवून माय तांब्यानं ते तपकिरी पाणी डोक्यावर ओतायची. डोळ्यांची अशी आग व्हायची की मी गाव गोळा करायचे. मग बेसनानं अंग, घोसाळ्यानं पाठ, आणि शेवटी खारं पाणी. अंग कोरडं, ताणलेलं, करकरीत व्हायचं. हातावर बोट घासलं तर आवाज यायचा. तो आवाज आला की अंघोळ झाली.

पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या सकाळी मी काय करावं? मायचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण न्हाणीघरात आरसा, फरशा, नळाला गरम पाणी. तिथे रिठे काढायची मला लाज वाटली. मी साबण घेतला आणि गावच्या हिशेबानं घासला. म्हणजे दोन्ही हातांनी, जोर लावून, खालपासून वरपर्यंत. फेस आला. आधी हातभर, मग गुडघ्यापर्यंत, मग दाराखालून बाहेर जायला लागला. बाहेर रांगेतली एक मुलगी किंचाळली, "अगं बाई, आत धुणं काढलंय का कोणी?" मी पाणी ओतत होते आणि साबण निघतच नव्हता. फेस गेला तरी अंग बुळबुळीत. बादलीवर बादली. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या, रांगेतल्या मुली दार वाजवायला लागल्या, आणि मी आत रडकुंडीला आले की माझ्या अंगावर हा कसला थर बसलाय. नंतर कळलं, थर वगैरे काही नव्हता. धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात स्वच्छ झालेलं अंग असंच गुळगुळीत लागतं. खाऱ्या पाण्याच्या माणसाला ते कोण सांगणार?

सवय झाली. माणसाला कशाचीही होते. रिठ्यांची पिशवी कॉटखाली गेली, तिथून माळ्यावर. मी शाम्पूची झाले. नोकरी, लग्न, फ्लॅट, सगळं यथास्थित झालं. बोलण्यातलं "मले, तुले" मी ऑफिसच्या दारात चपलेसारखं काढून ठेवायला शिकले आणि गावाकडच्या फोनवर परत घालायला. तुमच्यातल्या बाहेर पडलेल्यांना हेही समजवायला नको.

आणि मग एक दिवस रिठे परत आले. ते आले आमच्या सोसायटीजवळच्या ऑरगॅनिक दुकानात, खाकी कागदाच्या पाकिटात, सुतळीची गाठ मारून. शेजारी घोसाळ्याची जाळी, तिला भोक पाडून दोरी लावलेली. मी दुकानात उभ्या उभ्या पाकिटाला नाक लावलं आणि न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसले. त्या दिवसापासून मला नैसर्गिक वस्तूंचं वेड लागलं असं नवरा म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नाही.

पण नुसतं वेड नव्हतं. आमच्या सोसायटीत अंघोळीचं पाणी वाया जात नाही; ते शुद्ध होऊन बागेला जातं. आपण अंगाला जे लावतो ते शेवटी बागेतल्या जास्वंदीच्या मुळाशी जातं, हे कळल्यावर मी डब्यांच्या मागच्या बाजू वाचायला लागले. पुढच्या बाजूला सगळेच सज्जन असतात. हिरवं पान, पाण्याचा थेंब, "निसर्गाच्या कुशीतून". मागे बघावं. सल्फेट आहे का, वासाच्या जागी नुसतं "परफ्युम" लिहून बाकीचं गिळलंय का, स्क्रबमधले दाणे अक्रोडाच्या सालीचे आहेत की प्लॅस्टिकचे, आणि वडी कागदात आहे की प्लॅस्टिकात गुंडाळून पुन्हा प्लॅस्टिकच्या डबीत. बाटलीतल्या बॉडीवॉशपेक्षा साधी वडी बरी, हे मी सोसायटीच्या बैठकीत इतक्यांदा सांगितलं की मला हरित समितीवर घेतलं. समोरच्या देशपांडे काकू लिफ्टमध्ये भेटल्या की पिशवीतली वस्तू स्वतःहून दाखवायच्या, "हे चालेल ना हो?"

मग बाबा गेले. माय गावात एकटी राहिली. मी तिला पुण्याला आणलं, पण "चार दिवस बदल म्हणून" असं सांगून. कारण कायमचं म्हटलं असतं तर ती एसटीतच बसली नसती. मला तिला परत पाठवायचं नव्हतं. बाबांना शेवटी दवाखान्यात नेताना तिनं एकटीनं जी धावपळ केली, ती मला पुन्हा होऊ द्यायची नव्हती. तिनं राहावं, स्वतःहून राहावं, यापलीकडे मला त्या दिवसांत काहीच सुचत नव्हतं.

तिची खोली मी लावलीच, पण खरी मेहनत घेतली तिच्या बाथरूमवर. शॉवर तिला जमणार नाही म्हणून बादली, तांब्या, बसायला लाकडी पाट. कोनाड्यात रिठ्याची पूड, शिकेकाई, हातानं केलेला कडुलिंबाचा साबण, बेसन-मसुराचं उटणं काचेच्या बरणीत, घोसाळ्याची जाळी. मला वाटलं, दार उघडलं की तिला घर दिसेल.

ती रोज अंघोळ करून यायची आणि केस पुसत बसायची. एक दिवस पोहे खाता खाता म्हणाली, "सुजे, तुया घरी साबन नाही काय वं?"

"आहे की. तो हिरवा, कडुलिंबाचा."

"तो नाही. वासाचा. गुलाबी."

मी म्हटलं, "माय, तुले रिठे आवडते म्हणून मी किती शोधून आणले."

तिनं बशी खाली ठेवली. "मले रिठे आवडते असं कोनं सांगतलं तुले?"

मग तिनं जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तिचं माहेर पातूर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथलं पाणी गोड. लग्नात तिच्या वडिलांनी हौसेनं गुलाबी, वासाच्या साबणाची वडी पेटीत घालून दिली होती. सासरी पहिल्या सकाळी तिनं ती काढली. अंगावर चोथा झाला, केसांच्या जटा झाल्या. नवी नवरी, न्हाणीत बसून घाबरली, की आपल्याच हातून काही बिघडलं. सासूनं बाहेरून विचारलं, आतला प्रकार पाहिला आणि पोट धरधरून हसली. मग स्वतः रिठे फोडून तिचे केस सोडवले. "पातूरचं पानी सोडून मी तुया बाबाच्या गावाले आली, तवा मलेबी कोनं सांगतलं नोतं," माय म्हणाली. "रिठे काई हौस नोती वं. इलाज नोता. जलमभर फोडले. आता पुन्याले येऊनबी रिठेच?"

तो साबण तिनं परत कधी लावला नाही. कागदात गुंडाळून पेटीत, साड्यांच्या घडीत ठेवला. मायच्या पेटीला जो वास यायचा, ज्यासाठी मी लहानपणी पेटीत डोकं घालून बसायचे, तो साड्यांचा वास आहे असंच मी धरून चालले होते.

मी त्याच संध्याकाळी खाली दुकानात गेले आणि सगळ्यात गुलाबी, सगळ्यात वासाचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला साबण घेतला. मागची बाजू वाचली नाही. कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवला. नेमक्या लिफ्टमध्ये देशपांडे काकू. त्यांची नजर पिशवीत गेली, मग माझ्यावर. "कोणासाठी हो?" "माझ्या आईसाठी," मी म्हटलं, आणि कधी नव्हे ते मला समितीचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माय आत गेली ती बाहेरच येईना. आतून गुणगुणणं ऐकू आलं, मग पाण्याचा आवाज, मग आणखी पाणी. मी दाराशी गेले. "माय, ठीक हायेस ना?"

"अवं साबन निघूनच नाही राहिला!"

मी तिथंच दाराला टेकून खाली बसले आणि हसत सुटले. हॉस्टेलची ती सकाळ तिला दाराबाहेरून सांगितली. आतून तिचंही हसू फुटलं. तेव्हा सासू तिला हसली होती; न्हाणीवरून स्वतः हसायची वेळ तिच्यावर बहुतेक आत्ताच आली असेल.

पण हसून बुळबुळ जात नाही. आठवडाभर ती फेसाच्या सुखात होती, आणि मग रोज बाहेर येऊन हातावर बोट घासून बघायला लागली. आवाज येत नव्हता. "न्हाल्यासारखं वाटूनच नाही राहिलं," ती म्हणायची. मी समजावलं की हेच स्वच्छ असतं. तिनं ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. बाबांच्या घरातली बाई ती. स्वच्छ वाटणं ही तिच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. एका सकाळी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अकोल्याची गाडी आताबी तवाचीच हाये काय वं?" मी डाळ बघायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

तिथे डाळीत टाकायला खडेमीठ घ्यावं म्हटलं, तर बरणी जागेवर नव्हती. शोधून शोधून ती सापडली बाथरूममध्ये, गुलाबी साबणाशेजारी.

"मीठ इथं कशाला?"

"बादलीत टाकते मूठभर." माय अजिबात ओशाळली नाही. उलट हात पुढे केला. "पाह्य, घासून पाह्य." मी बोट घासलं. करकर आवाज आला. "आता कसं न्हाल्यावानी वाटते."

जन्मभर ज्या पाण्याला तिनं शिव्या दिल्या, ते पाणी ती पुण्यात बसून मुठीनं तयार करत होती. नंतर मी तिला ऑरगॅनिक दुकानात नेलं आणि फडताळातल्या बरण्या दाखवल्या: अंघोळीचं मीठ, समुद्राचं, लव्हेंडर घातलेलं, डोंगरातलं गुलाबी. लोक हे पाण्यात टाकायला विकत घेतात म्हटल्यावर तिनं बरणी उलटसुलट करून पाहिली. "आन आमी फुकट न्हालो," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की काउंटरवरची मुलगी हसली. "सांग हिले, आमच्या गावची अख्खी खारी विहीरच लावून देतो दुकानाले."

दुकानात मी हसले, पण घरी आल्यावर मनात एकच चाललं होतं. जिला अंघोळीलाही गावचं पाणी लागतं, ती इथे कशी राहील? मी मनाची तयारी केली. तिकीट काढायचं, तिची औषधं बांधून द्यायची, आणि या वेळी स्टेशनवर खिडकीबाहेर आपण उभं राहायचं.

शेवटी मीच विचारलं. ती लसूण सोलत होती. "तुले जायचं हाये का माय?"

तिनं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. "जाऊ तर वाटते," म्हणाली. "तिथं जाऊन मंग इकडचं आठवन. पातूर सोडून आली तवा वरीसभर मी रोज पान्याले रडली. तुया बाबानं एकदाबी हसलं नाही मले. म्हने, होईन सवय. झाली." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "हे पानीबी होईन आपलं. टाइम लागते. तू घाई नोको करू. अन घराची चावी विहारातल्या पोरापोरीइले देऊन टाक. अभ्यासाले बसतीन. बंद घराले वाळवी लागते."

हे मला हवं होतं, नेमकं हेच. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले, आणि तिनं लसणाच्या हातानं माझे केस मागे सारले. चावी मी पुढच्याच महिन्यात गावी जाऊन देऊन आले. न्हाणीतल्या दगडावर थोडा वेळ बसले. तांब्याभर पाणी पायावर ओतलं. कोरडं झाल्यावर पायावर पांढरे डाग उठले, आणि परतीच्या गाडीत मी ते पुसले नाहीत.

आता माय इथलीच झाली आहे. देशपांडे काकूंना ती रिठे कसे उकळायचे ते शिकवते, स्वतः मात्र गुलाबी साबणाशिवाय न्हात नाही. बागेतल्या जास्वंदीचं काही बिघडलेलं नाही. बादलीतलं मीठ मात्र कमी कमी होत गेलं. मुठीची चिमूट झाली. परवा सकाळी मी चहा ठेवायला गेले आणि बघते तर खडेमिठाची बरणी स्वयंपाकघरात, आपल्या जुन्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवलेली.

मी तिथंच उभी राहिले. आनंदच व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या मागोमाग आणखीही काही आलं. गावच्या घरात आता दुसऱ्यांची मुलं अभ्यास करतात. बाबा नाहीत. त्या पाण्याला शिव्या देणारं आणि त्याच्याशिवाय चैन न पडणारं एक माणूस होतं, तिलाही आता त्याची गरज उरली नाही. कुणी विचारलं तुझं घर कुठे, तर मी इतकी वर्षं गावाचं नाव सांगत आले. आता माझं घर पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसलंय, आणि ते गाव जर कुठे उरलं असेल तर माझ्या कातडीला असलेल्या आठवणीत. ते गावचं पाणी मला कुणी परत करून देणार नाही. ते मलाच करावं लागणार.

मी बरणी उचलली, बाथरूममध्ये गेले आणि बादलीत मूठभर मीठ टाकलं. विरघळेपर्यंत हातानं ढवळत राहिले. पहिला तांब्या डोक्यावर घेतला तेव्हा ओठांना चव लागली. मी तशीच बसून राहिले, दुसरा तांब्या घ्यायचं भानच राहिलं नाही.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली.

"सुजे, किती वेळ वं? साबन निघून नाही राहिला काय?"

"निघते माय," मी म्हटलं. "आलीच."